खान्देशातली छोटी बाल्कनी: पाच हजारांत सावली, बैठक आणि हिरवळ

खान्देशात बाल्कनी सजवायची तर पहिला पैसा सावलीवर घालायचा. कुंड्या, दिव्यांच्या माळा, रंगीत उशा हे सगळं त्यानंतर. पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांचे फोटो बघून लोक आधी झाडं आणतात. होळी उलटली की ती करपायला लागतात, आणि एप्रिलमध्ये बाल्कनीचं दार लागतं ते मृगाच्या पावसापर्यंत उघडत नाही. तोवर तिथे रद्दी, रिकामे डबे आणि जुनी सायकल मुक्कामाला आलेली असतात. जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे इथली बाल्कनी उन्हाचा विचार करूनच मांडावी लागते. तसं केलं तर तीच जागा संध्याकाळी घरातली सगळ्यात हवीशी जागा होते, हे मी खात्रीने सांगते.

हिशोबासाठी ४ फूट रुंद आणि ८ फूट लांब अशी बाल्कनी धरली आहे. बहुतेक दोन खोल्यांच्या फ्लॅटला साधारण एवढीच मिळते. बजेट ५,००० रुपये. त्यातले १,००० सावलीला, ५०० जमिनीला, १,२०० बैठकीला, १,५०० कुंड्या-माती-झाडांना, ३०० पाण्याच्या सोयीला आणि ५०० दिव्यांना. भाव गावोगावी थोडे मागे-पुढे होतील. पण कमी पडले तर दिव्यांतले कापा, सावलीतले कापू नका.

आधी ऊन ओळखा

बाल्कनीचं तोंड कुठे आहे यावर पुढचं सगळं ठरतं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, दुपारी १२, ३ आणि ५ वाजता ऊन जमिनीवर कुठवर येतं तिथे खडूने रेघ मारून ठेवा. यात पैसा लागत नाही आणि नर्सरीतली निम्मी वाया जाणारी खरेदी वाचते.

आपला भाग साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जूनमध्ये किंचित उत्तरेकडे सरकतो आणि जुलैच्या मध्यानंतर पुन्हा दक्षिणेकडे वळतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत मे महिन्यात थेट ऊन जवळपास येतच नाही, वरचा स्लॅब ते अडवतो. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारीही ४५ अंशांच्या आसपासच राहतो आणि ऊन थेट आत शिरतं. खान्देशात दक्षिणेची बाल्कनी मिळाली तर ती भाग्याची समजा. पूर्वेची बाल्कनी सकाळी दहापर्यंत तापते, मग निवते. उत्तरेला उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, हिवाळ्यात अजिबात नाही.

खरा प्रश्न पश्चिमेचा. दुपारनंतर सूर्य खाली उतरत जातो, त्यामुळे वरच्या स्लॅबचा काही उपयोग राहत नाही. ऊन समोरून येतं आणि भिंत रात्री नऊ-दहापर्यंत गरम राहते. तिथे वरून नाही, समोरून सावली हवी. पुढचं बरंचसं पश्चिमेची बाल्कनी डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे; बाकीच्यांनी त्यातलं आपल्याला लागेल तेवढं घ्यावं.

रिकामी करा आणि तपासा

सगळं सामान बाहेर काढा, जमीन धुवा आणि बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं का बघा. पाणी मधेच तुंबत असेल किंवा खालच्या घराच्या छताला ओल दिसत असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. कुंड्या मांडल्यावर तो दोष झाकला जातो आणि खालच्यांशी भांडण उभं राहतं.

बाल्कनीचा स्लॅब बहुतेक वेळा भिंतीतून बाहेर काढलेला, पुढच्या कडेला आधार नसलेला असतो. म्हणून जड वस्तू भिंतीलगत ठेवा, कठड्याच्या बाजूला हलक्या. ज्या गावांत नळाला रोज पाणी येत नाही तिथे बाल्कनीत २०० लिटरचा ड्रम असतोच. भरलेला ड्रम म्हणजे दोन क्विंटल वजन एका जागी. तो भिंतीच्या कोपऱ्यातच हवा, आणि तो असेल तर मोठ्या कुंड्यांचा बेत सोडून द्या.

कूलरची जागाही आत्ताच ठरवा. फाल्गुनात कूलर खिडकीत बसणार, त्याला मागून मोकळी हवा लागणार आणि पाणी भरायला माणूस उभा राहायला हवा. हिवाळ्यात सजवलेली बाल्कनी कूलर आला की विस्कटते, कारण त्याचा विचार कोणी केलेला नसतो. तसंच वाळवणाचं. बिबडे, कुरडया, पापड घालायला ज्यांना गच्ची मिळत नाही, त्यांनी किमान ३ बाय ४ फुटांची जागा अशी ठेवावी की तिथलं सामान एका माणसाला उचलून बाजूला करता येईल. कपड्यांसाठी छताला दोरीने वर-खाली होणारं स्टँड लावलं की खालची जागा मोकळी होते.

बाहेरून दिसेल असं काही लावण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून घ्या. काही इमारतींत बाहेरच्या पडद्यांचा रंग ठरलेला असतो.

सावली: इथे हात आखडू नका

कृषी केंद्रात आणि शेतीचं साहित्य मिळतं त्या दुकानांत शेडनेट, म्हणजे ऊन अडवणारी जाळी, मीटरवर कापून देतात. सजावटीच्या दुकानातल्या तयार पडद्यापेक्षा ही कितीतरी स्वस्त पडते आणि उन्हात टिकण्यासाठीच बनवलेली असते. पश्चिमेला ७५ टक्क्यांची, म्हणजे तेवढं ऊन अडवणारी घ्या. पूर्वेला ५० टक्क्यांची पुरते. ९० टक्क्यांची घेऊ नका. ती वाराही अडवते आणि झाडं उजेडासाठी लांबुडकी होतात. हिरव्या नेटमुळे आतली प्रत्येक गोष्ट, माणसांच्या चेहऱ्यासकट, हिरवट दिसते. पांढरी किंवा मातकट रंगाची मिळाली तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्या.

नेट कठड्याला कायमची बांधून टाकू नका. ती सरकणारी हवी. त्याची रीत अशी. आठ फुटांच्या उघड्या बाजूसाठी साडेनऊ-दहा फूट लांबीचा तुकडा घ्या, म्हणजे चुण्या पडतील. चारही कडा दोन बोटं दुमडून शिवून घ्या. मग ताडपत्रीवाल्याकडे जाऊन वरच्या कडेला वीतभर अंतरावर आयलेट (भोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) ठोकून घ्या. ताडपत्रीवाले हे काम थोड्या पैशात, उभ्या उभ्या करून देतात. बाल्कनीच्या दोन्ही बाजूच्या भिंतींत, स्लॅबपासून सहा इंच खाली, प्लग बसवून एकेक मजबूत हूक लावा. त्यांच्यात प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार ओढा आणि एका टोकाला ताण देणारा स्क्रू बसवा, कारण तार आठवडाभरात ढिली पडतेच. आयलेटमधून पडद्याच्या कड्या ओवून नेट तारेवर चढवा. खालची दोन टोकं सुतळीने कठड्याला बांधता येतील अशी ठेवा.

वरची सहा इंचांची फट महत्त्वाची आहे. गरम हवा वर चढते, तिला बाहेर पडायला वाट हवी. फट नसली तर सावलीतही कोंदट होतं.

सरकणारी नेट का, तर संध्याकाळी साडेसहानंतर ती बाजूला केली की बाल्कनी लवकर निवते. दुसरं कारण वादळाचं. मे-जूनमध्ये दुपारी आभाळ भरून येतं आणि ज्या वावटळीत रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा झोपतात, तीच तुमच्या नेटलाही फाडते. वारं सुटताना ती एका बाजूला घेऊन दोरीने आवळून टाकायची.

जळगावची प्लॅस्टिकची चटई प्रसिद्ध आहे आणि घरोघरी असते, म्हणून बरेच जण तीच कठड्याला बांधतात. तसं करू नका. तिच्यातून हवा जात नाही, मागे उष्णता साठते आणि वाऱ्यात ती शिडासारखी फुगते. चटईची जागा खाली जमिनीवर आहे. वाळ्याचे पडदे थंडावा छान देतात, वासही सुंदर, पण सतत पाणी मारावं लागतं आणि ते खालच्या मजल्यावर ठिबकतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनीच तो विचार करावा. वाळ्याऐवजी बांबूची चिक (बांबूच्या पट्ट्यांचा पडदा) बसवली तर दिसायला नेटपेक्षा सरस, मात्र बजेट वाढेल.

पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग असेल तर तिला पांढरा किंवा फिका रंग द्या. चुन्याचे दोन हात दिले तरी संध्याकाळी भिंतीला हात लावून फरक कळतो.

जमीन

इथे ती चटई घाला. फरशी झाडायची तेव्हा गुंडाळता येते, धुता येते, वाळवणालाही कामी येते. कृत्रिम हिरवळीचा गालिचा पश्चिमेच्या बाल्कनीत टाकू नका: दुपारी तो अनवाणी पायाला चटका देतो, धूळ धरतो आणि पावसाळ्यात त्याच्याखाली पाणी राहून वास येतो.

बैठक

चार फुटांच्या रुंदीत खुर्च्या आणि टेबल मावत नाहीत, मावले तरी माणसं मावत नाहीत. लांबीच्या बाजूला, घराच्या भिंतीलगत एक सलग बैठक करा: साडेतीन ते चार फूट लांब, सोळा-सतरा इंच उंच, पंधरा-सोळा इंच खोल. घरात जुनी लोखंडी पेटी असेल तर हा प्रश्न फुकटात सुटला. ती घासून गंज काढा, गंजरोधक प्रायमरचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन हात द्या, खाली चार विटा ठेवा म्हणजे पावसाचं पाणी लागणार नाही. वर गोधडी चौघडी करून टाकली की गादीसाठी फोम आणायची गरज नाही. पेटीच्या आत खुरपी, खत, पावसाळ्यात काढून ठेवायची नेट, सगळं जातं.

पेटी नसेल तर भंगारवाल्यांकडे किंवा एमआयडीसीच्या आसपास मालाखालच्या लाकडी चौकटी मिळतात. त्या वरच्या मापात कापून, हवी ती उंची येईल तेवढ्या एकावर एक ठेवून खिळे ठोका, सँडपेपर नीट मारा, कुसळं राहू देऊ नका. लाकूड घेताना वास घेऊन बघा; रसायनाचा किंवा तेलाचा वास येत असेल तर ते सोडा. जागा अगदीच कमी असेल तर सुताराकडून भिंतीला बिजागरीवर फळी बसवून घ्या. ती बसायच्या वेळी खाली, एरवी भिंतीला चिकटलेली.

घरात लहान मुलं असतील तर बैठक, पेटी, मोठी कुंडी, काहीही कठड्याला टेकवून ठेवू नका. मूल त्यावर चढलं की कठड्याची उंची निम्मी होते.

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की झोक्याची आठवण निघणारच. माहेरी आलेल्या मुलींचा झोका, त्यावरची गाणी, हे खान्देशात वाढलेल्या बाईला सांगावं लागत नाही, आणि बाल्कनीत झोका हवा असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण छताला स्वतः ड्रिल मारून हूक लावू नका. इमारत बांधताना सळईत अडकवलेला हूक असेल आणि जाणकाराने तपासून दिला असेल, तरच त्याला झोका बांधा. नाहीतर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा झोका घ्यावा लागतो, तो या बजेटात आणि चार फुटांत बसत नाही. झोका बैठकीच्या खोलीतल्या कडीलाच बरा.

कुंड्या आणि माती

आपल्याकडची काळी माती शेताला सोनं आहे, कुंडीला नाही. ओली असताना ती फुगते आणि घट्ट बसते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. कुंडीखालची ताटली भरलेली दिसते म्हणून आपण समजतो झाडाला पाणी पुरलं, आणि झाड दुसऱ्या दिवशी मान टाकतं.

मिश्रण असं करा: एक भाग काळी माती चाळून, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाड वाळू. दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजवली की साधारण ६५-७० लिटर होते, म्हणजे सगळ्या बाल्कनीला एक वीट पुष्कळ. भिजवून एक-दोनदा पाणी बदलून पिळून घ्या, त्यात क्षार असतात. या मिश्रणाचा दुसरा फायदा वजनाचा. नुसत्या मातीपेक्षा कुंडी बरीच हलकी होते.

चार बाय आठच्या बाल्कनीला सहा-सात कुंड्या पुरेत. दोन मोठ्या, बाकी आठ-दहा इंचांच्या. कुंभाराकडच्या मातीच्या कुंड्या मुळं थंड ठेवतात, पण लवकर सुकतात. काळ्या ग्रो-बॅग (झाडं लावायच्या पिशव्या) स्वस्त असतात, मात्र उन्हात इतक्या तापतात की कडेची मुळं भाजतात. त्यांना बाहेरून बारदान गुंडाळा आणि सुतळीने बांधा. बारदान रोज सकाळी ओलं केलं की कुंडी दुपारभर थंड राहते, आणि सहा-सात कुंड्या एकसारख्या बारदानात दिसल्या की वेगळ्या सजावटीची गरजही उरत नाही. तडा गेलेला माठ टाकू नका. त्यात पोर्तुलाका लावा. बुरडांकडच्या किंवा आठवडे बाजारात सातपुड्यातून येणाऱ्या बांबूच्या टोपल्याही छान दिसतात, फक्त त्यात माती थेट भरू नका, कुंडी आत ठेवा.

मातीवर दोन बोटं आच्छादन हवंच. शेंगांची टरफलं, केळीची वाळलेली पानं चुरून, भुसा, जे मिळेल ते. उन्हाळ्यात आच्छादन असलेल्या आणि नसलेल्या कुंडीत बोट घालून बघा, ओल कुठे आहे ते लगेच समजेल.

कठड्याला अडकवायच्या कुंड्या बाहेरच्या बाजूला लटकवू नका. वाऱ्यात खाली कुणाच्या डोक्यावर पडली तर ते भलतंच होईल. आतल्या बाजूला, तारेने बांधून.

झाडं

पश्चिमेला सदाफुली, बोगनवेल, अडेनियम, पोर्तुलाका, कोरफड आणि मोगरा. मोगरा ऐन उन्हाळ्यात फुलतो, आणि संध्याकाळी नेट बाजूला केल्यावर तो वास आला की दिवसभराचा उकाडा विसरायला होतो. एकच झाड परवडत असेल तर तेच घ्या. पूर्वेला तुळस, जास्वंद, पुदिना, लवंगी मिरची. उत्तरेला मनी प्लांट, स्नेक प्लांट. दक्षिणेला हिवाळ्यात कोथिंबीर, मेथी, झेंडू, शेवंती. नेचे आणि नाजूक पानांची झाडं आपल्या कोरड्या हवेत कडा जळून जातात, ती कितीही गोड दिसली तरी नर्सरीतच राहू द्या. अडेनियमचा चीक विषारी असतो, बोगनवेलीला काटे असतात. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर दोन्ही टाळा.

वेलींमध्ये गोकर्ण स्वस्तात मस्त. एका शेंगेतल्या बियांनी काम होतं, सुतळीवर चढते, निळी फुलं देते. भरिताच्या वांग्याचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याला मोठी कुंडी आणि भरपूर जागा लागते. छोट्या बाल्कनीत ते झाड बाकी सगळ्यांची जागा खातं.

झाडं आणायची वेळ जूनअखेर ते ऑगस्ट, किंवा दिवाळीनंतर. होळीनंतर नवीन झाड आणू नका, कुंडी बदलू नका. हा लेख एप्रिल-मेमध्ये वाचत असाल तर आत्ता सावली आणि बैठक एवढंच करा.

पाणी

मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला पोळतं. ते झाडाला घालू नका. रात्रीच बादली भरून ठेवा, सकाळी आठच्या आत घाला. मोठ्या उन्हात संध्याकाळी पुन्हा थोडं.

बोअरचं पाणी जड असतं, कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो तो त्याचाच. आरओमधून वाया जाणारं पाणी आणखी क्षारयुक्त, कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ही दोन्ही पाणी फरशी धुवायला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळपास क्षारविरहित असतं, झाडांना उत्तम. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणीही घाला.

ठिबक सिंचनाचं सगळं सुटं सामान जळगाव जिल्ह्यात गावोगावी मिळतं, त्याचा फायदा बाल्कनीला घ्या. २० लिटरची झाकणाची बादली तीन फूट उंच स्टुलावर, भिंतीलगत ठेवा. तळापासून दोन बोटं वर भोक पाडून रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रबराची कडी) आणि टेक-ऑफ (नळी जोडायचा तुकडा) बसवा, त्याला १६ मिलिमीटरची लॅटरल नळी जोडा, मधे छोटा कॉक, शेवटी एंड कॅप (टोक बंद करायचं टोपण). प्रत्येक कुंडीपाशी पंचने भोक पाडून मायक्रोट्यूबचा (बारीक नळीचा) तुकडा खोचा. शेतात वापरतात ते ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) इथे लावू नका, त्यांना पंपाचा दाब लागतो. बादलीच्या दाबावर ते नीट चालत नाहीत. नळ्यांची तोंडं शक्यतो एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर खालची कुंडी सगळं पाणी ओढून घेते. पहिल्या दिवशी प्रत्येक तोंडाखाली पेला ठेवून दहा मिनिटांत किती भरतो ते बघा; जिथे जास्त भरतो तिथली मायक्रोट्यूब लांब करा, धार कमी होते. बादलीच्या तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा बांधून पाणी गाळून भरा, आणि झाकण घट्ट ठेवा. चार दिवस गावाला जायचं तर शेजारच्यांना फक्त बादली भरायला आणि कॉक फिरवायला सांगायचं.

कुंड्यांखालच्या ताटल्यांत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास त्यातच वाढतात. चिमण्यांसाठी पाण्याचं पसरट भांडं ठेवत असाल तर तेही रोज घासून भरा.

दिवे

पिवळ्या उजेडाची एक एलईडी माळ किंवा एकच भिंतीवरचा दिवा पुरतो. पांढऱ्या दिव्यावर पावसाळ्यात किड्यांचा नुसता सडा पडतो, पिवळ्यावर त्या मानाने कमी. बाहेर वापरायची, पाण्यापासून सुरक्षित अशीच माळ घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, वायर दारातून आत नेऊन घरातल्या प्लगला लावा आणि गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.

पाऊस स्थिरावला की नेट उतरवा, साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवून पेटीत ठेवा. ऑक्टोबरचा चटका सुरू झाला की ती तीन-चार आठवडे पुन्हा लागते. थंडीत बाल्कनी पूर्ण उघडी ठेवा, आणि फेब्रुवारीत नेट पुन्हा चढवण्याआधी आयलेट, हूक आणि तार यांना गंज लागलाय का ते पाहून घ्या.